गॅस संपत नसतो

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपतो, असं मी तीन उन्हाळे धरून चालले होते. मार्चचा दुसरा आठवडा आला की सायनच्या सिग्नलला जाळीतून कोमट वारा यायला लागायचा. सिग्नल सुटला, गाडी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेला लागली, की पुन्हा जरा गार. मग एखाद्या शनिवारी रस्त्याकडेच्या ‘कार एसी’ पाटीखाली गाडी उभी करायची. तिथला मुलगा बॉनेट उघडून निळ्या-लाल नळ्या जोडायचा, सिलिंडर हलवायचा, आतला एक पाईप मुठीत धरून ‘आला गार’ म्हणायचा आणि दोन हजार रुपये घ्यायचा. वीस मिनिटांचं काम. पहिल्या वर्षी त्यावर अख्खा उन्हाळा निघाला, दुसऱ्या वर्षी जुलैपर्यंत. तिसऱ्या वर्षी मे उजाडायच्या आत गाडी पुन्हा कोमट.

बाबांना यातलं काही सांगत नव्हते. एसीबद्दल त्यांचं मत एका वाक्यात मावतं: “काच दोन बोटं खाली घे.” त्यांच्या आयुष्यात चारचाकी म्हणजे टॅक्सी, आणि टॅक्सी म्हणजे पद्मिनी. तिच्या पुढच्या दाराला एक छोटी त्रिकोणी काच असायची. ती तिरकी केली की वारा बरोब्बर गळ्याशी यायचा. हा शोध जणू त्यांनीच लावला अशा थाटात ते तो सांगतात. पद्मिनी इथेच, आमच्या कुर्ल्यात बनायची, त्यामुळे त्या काचेत त्यांचा थोडा गावचा अभिमानही आहे. 2023च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा त्यांनी पेपरातली बातमी कापून ठेवली. निळ्या कूल कॅब आल्या तेव्हा मात्र त्यांचं म्हणणं होतं, “वाऱ्याचे पैसे द्यायचे?”

तर अशा माणसापासून गॅसचे दोन हजार लपवणं भागच होतं. तेही माझ्यापासून काही लपवत होते, हे मला मे महिन्यात कळलं. तेही गॅरेजमध्ये, तिसऱ्याच माणसाच्या तोंडून.

गॅरेज सीएसटी रोडवरच्या एका बोळात. त्या रस्त्याला ज्याला गाडी आहे तो मुंबईकर कधी ना कधी जातोच. एका दुकानात नुसती दारं टांगलेली, पुढच्यात नुसते आरसे, त्यापुढे सायलेन्सरची चळत. ऑफिस बीकेसीत असल्यामुळे माझ्या तो वाटेवरच. गॅरेजवाले मूळचे चिपळूणकडचे कोकणी मुसलमान, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मराठी आमच्याहून ठसकेबाज. मी ‘गॅस भरून द्या’ म्हटलं तर त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही.

“गेल्या वर्षी भरला होतात?”

“हो.”

“त्याच्या आधी?”

“तेव्हाही.”

“मग तो गेला कुठे? ताई, गॅस संपत नसतो. तो काय जळतो काय? बंद नळीत फिरतो, परत तिथेच येतो. कमी झाला म्हणजे बाहेर पडला. मी आज भरून देईन, पैसे घेईन, तुम्ही जूनमध्ये परत याल नि मला शिव्या घालाल.”

तीन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कंप्रेसर गॅसला दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचं द्रव करतो, मग एका बारीक छिद्राच्या व्हॉल्व्हमधून तो डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो, तिथे उकळतो आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. मग पुन्हा कंप्रेसर. आमच्या गाडीतला गॅस आर-134ए, उघड्यावर उणे 26 अंशांनाच उकळणारा. कंप्रेसरला लागणारं तेलही याच गॅसबरोबर फिरतं. म्हणजे गॅस गळतो तेव्हा थोडं तेलही जातं, आणि रस्त्यावरचा मुलगा भरायचा नुसता गॅस. मी तीन वर्षं कंप्रेसरला उपाशी चालवत होते.

आणखी एक हिशेब मी नंतर घरी मांडला आणि मांडला नसता तर बरं, असं वाटलं. हा गॅस ओझोनला भोक पाडत नाही. तसा पाडणारा जुना आर-12 होता, 1987च्या मॉन्ट्रिअल करारानंतर तो हळूहळू हद्दपार झाला. पण 134ए हवा तापवतो, आणि 100 वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,430 पट. आमच्या गाडीत 400 ग्रॅम मावतो. तो सगळा गळाला तर साधारण 570 किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. एक लिटर पेट्रोल जाळलं की सुमारे 2.3 किलो निघतो. म्हणजे दर उन्हाळ्यात मी अडीचशे लिटर पेट्रोल नुसतं पेटवून देत होते म्हणायचं. आणि सोसायटीच्या बैठकीत ओला-सुका कचरा वेगळा करा म्हणून सांगणारी मीच.

चाचांनी उरलासुरला गॅस आधी यंत्रात ओढून घेतला. मग सगळ्या नळ्यांत नायट्रोजन भरला, काटा दीडशे पौंडांवर ठेवला आणि ब्रशने प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला. कुठेच बुडबुडा नाही. “उद्या बघू,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी काटा एकशे दहावर. बाहेर गळती नाही आणि दाब तर उतरलाय, म्हणजे आत. म्हणजे कूलिंग कॉइल. म्हणजे डॅशबोर्ड खाली.

आता बाबांना सांगणं आलं. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, “मी येतो.”

बाबांची नोकरी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधली. डब्यांचे ब्रेक. त्यांच्या उमेदीच्या काळात ते व्हॅक्यूम ब्रेक होते. त्यात गंमत अशी की पाईपमधली हवा ओढून काढलेली असेल तरच चाकं मोकळी. कुठे फट पडली, हवा आत शिरली, की ब्रेक आपोआप लागणार. गळती लपवताच यायची नाही, गाडीच उभी राहायची. त्यामुळे गळती शोधणं हा बाबांच्या लेखी सगळ्यांत वरच्या दर्जाचा उद्योग आहे. घरातला नळ ठिबकायला लागला तर ते आधी बराच वेळ नुसते ऐकतात.

ते आले, स्टुलावर बसले आणि दोन दिवस उठले नाहीत. चाचांच्या हाताखालचा पोऱ्या स्क्रू काढायचा आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत टाकायचा. एका डब्यात स्टिअरिंगखालचे, एकात ग्लोव्ह बॉक्सचे. बाबांनी खिशातली डायरी काढून डॅशबोर्डचं चित्र काढलं आणि घड्याळाच्या आकड्यांनी स्क्रूच्या जागा लिहिल्या. दहा वाजता लांब, दोन वाजता आखूड. पोऱ्याला हे दिसलं, पण तो शहाणा, काही बोलला नाही.

डॅशबोर्ड उतरलेली गाडी पाहवत नाही. ज्याला आपण गाडीचं तोंड समजतो तो नुसता प्लास्टिकचा मुखवटा असतो. मागे लोखंडी दांडा, वायरींचा गुंता आणि मधोमध एक काळा डबा. आपण जे गारगरम म्हणतो ते सगळं त्या डब्यात. चाचांनी तो फरशीवर ठेवून क्लिपा काढल्या आणि दोन भाग वेगळे केले. आत दोन जाळ्या, मागेपुढे. आधी कूलिंग कॉइल, जाडजूड पुस्तकाएवढी. तिच्यामागे हीटरची कॉइल, दोन वह्या एकावर एक ठेवल्यासारखी. आणि दोघींमध्ये प्लास्टिकची एक झडप. डॅशबोर्डवरचं निळं-लाल बटण फिरवलं की हलते ती ही.

हे मला नवीन होतं. मला वाटायचं निळीकडे फिरवलं की एसी जास्त काम करतो. तसं नाही. बटण फक्त झडप सरकवतं: गार झालेल्या वाऱ्यातला किती भाग गरम कॉइलमधून जाऊ द्यायचा, एवढंच. म्हणजे मुंबईच्या मे महिन्यातही, इंजिनाचं उकळतं पाणी आपल्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावरून फिरत असतं. आपल्याला कळत नाही, कारण झडप बंद असते.

कूलिंग कॉइल चाचांनी माझ्या हातात दिली. तिच्या पुढच्या अंगावर काळपट गुलाबी नमद्यासारखा थर बसला होता. नखाने टोक उचललं तर सोलून निघाला, ओल्या लोकरीसारखा. वास ओल्या पोत्याचा, जो गाडीत बसल्यावर पहिल्या मिनिटाला यायचा आणि मी ज्यावर लिंबाच्या सुगंधाची बाटली टांगली होती. आमच्या नेहरूनगरात गाडी रेन ट्रीखाली उभी असते. उन्हाळ्यात त्याची गुलाबी तुऱ्यांची फुलं टपावर पडतात आणि मी ती दर सकाळी कौतुकाने झटकते. 2011च्या आमच्या मॉडेलला केबिन फिल्टर नव्हता, त्यामुळे इतक्या वर्षांचे तुरे इथे येऊन बसले होते. त्या थराखाली ओल, ओलीखाली अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं गेलेलं. खालच्या कोपऱ्यात तेलाचा रुपयाएवढा डाग. चाचांनी बोट ठेवलं: “हे बघा. इथून.”

मग त्यांनी दुसरी जाळी उचलली आणि गप्प झाले. हीटर कॉइलच्या नळीच्या तोंडाशी हिरवट-पांढरा खरपुडा चढलेला. भोवतालचा फोम भिजलेला. चाचांनी ती ओल बोटांवर घेऊन चोळली, नाकाशी नेली.

“गोडसर वास आहे. कूलंट. हीपण गळतेय. काचेवर आतून तेलकट वाफ धरायची काय?”

धरायची. मी ती ओल्या कपड्याने पुसायचे आणि ती आणखी पसरायची.

चाचांनी नळीतून दोन थेंब हातावर घेतले. इंजिन गार ठेवणारा हा कूलंट आमच्या गाडीत हिरवा असायला हवा. हा चहाच्या रंगाचा. “यात नळाचं पाणी कोण घालत होतं?”

मी म्हटलं, कोणी नाही. मी तर बॉनेट उघडतच नाही.

बाबा रस्त्याकडे पाहत होते. समोर एक माणूस दोन बंपर खांद्यावर टाकून चालला होता, त्याच्याकडे इतक्या लक्षपूर्वक पाहण्यासारखं काही नव्हतं.

“लेव्हल खाली जात होती,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “तू कामावरून दमून येतेस. म्हटलं रविवारचं मी बघतो. बाटलीभर लागायचं.”

“किती दिवस?”

“दोन-अडीच वर्षं झाली असतील.”

नळाच्या पाण्यातले क्षार आणि गंज आतून खातात, कूलंटमध्ये ते रोखायचं औषध असतं आणि पाणी घालघालून ते औषध पातळ होतं, हे चाळीस वर्षं पाईपांत काढलेल्या माणसाला मी सांगायची गरज नव्हती. त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही ते रविवारी बाटली घेऊन खाली जात होते आणि मी शनिवारी दोन हजार देऊन येत होते. एका गाडीला दोन भोकं आणि दोघं भरणारे.

“तीन वर्षं गॅस भरताय म्हणाली ना ही?” चाचांनी बाबांना विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आता बंपरवाल्याकडे पाहायची पाळी माझी होती.

चहा आला. चहा पिता पिता चाचांनी स्वस्तातला मार्ग सांगितला. कूलिंग कॉइल नवीन टाकू, हीटरला बायपास मारू. इंजिनाकडून येणाऱ्या दोन रबरी नळ्या एकमेकींना जोडायच्या, की पाणी डॅशबोर्डकडे येणारच नाही. “मुंबईत हीटर कोण लावतो? अर्ध्या गाड्यांचा असाच आहे. तुमचे तीन-चार हजार वाचतील.” मला ते पटलं. हा हीटर आम्ही आयुष्यात एकदा वापरला होता, महाबळेश्वरला, जानेवारीत, तोही ‘चालतो का बघू’ म्हणून.

बाबा म्हणाले, “नको. दोन्ही टाका.”

मी चकित. घरातली इस्त्री वायर गुंडाळून तिसऱ्यांदा वापरणारा माणूस.

“डॅशबोर्ड परत उतरवायचाय का?” ते मला म्हणाले. “मजुरी त्याची आहे. डबा उघडलाय तोवर आतलं सगळं करून घ्यायचं.” आणि मग चाचांना, हळू आवाजात, “बायपास म्हणजे पुन्हा तेच. झाकून ठेवायचं.”

पोऱ्याबरोबर मी सामान आणायला गेले. तिथे प्रत्येक वस्तूला तीन भाव: कंपनीचा, लोकल आणि काढलेला. काढलेला म्हणजे दुसऱ्या गाडीतून उतरवलेला. दार, आरसा, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण काढलेलं घ्यायला हरकत नाही, कॉइल कधीच नाही, ही चाचांची ताकीद. दोन्ही कॉइल्स कंपनीच्या घेतल्या. तो बारीक छिद्राचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह, ड्रायर आणि मूठभर हिरव्या ओरिंगा, म्हणजे जोडांत बसणाऱ्या रबरी रिंगा. ड्रायर हा छोटासा नळकांडा, आत ओल शोषणारे दाणे. नळ्या एकदा उघड्या पडल्या की मुंबईची दमट हवा पिऊन तो कामातून जातो, म्हणून नवीनच लागतो. तेलाचंही तसंच. चाचांनी तेलाचा डबा उघडला, मापाने ओतला आणि तत्क्षणी झाकण लावलं. पोऱ्या डबा उघडा ठेवून फोनवर बोलायला लागला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी त्याला माझ्यासमोरच ऐकवलं.

खरं तर एसीचा जन्मच ओलीपोटी झाला. 1902 साली विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली. तिथे कामगारांना उकडत होतं म्हणून नव्हे. दमट हवेत कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग जुळायचे नाहीत. आषाढात ज्यांच्या घरी मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको. गाडीत एसी शिरला त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. 1939च्या शेवटी पॅकार्ड कंपनीने विकायला काढलेल्या गाड्यांत कूलिंग कॉइल मागे डिकीत होती आणि एसी बंद करायचा तर इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कंप्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “बरोबर आहे. माणूस विचार करून लावेल.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं जोडल्यावर चाचांनी व्हॅक्यूम पंप लावला. बाबा स्टूल ओढून काट्यासमोर आले.

“किती इंच?” त्यांनी विचारलं. निर्वात पाऱ्याच्या इंचांत मोजतात.

“पूर्ण तीस होत नाही, पण जवळ जाईल.”

काटा चढत गेला. एकोणतीसच्या अलीकडे बाबांनी मला हाक मारली. “आत पाणी राहिलं असेल तर आता उकळत असेल. तीस अंशांतच. हवेचा दाबच नाही ना.” आम्ही तिघं काहीही दिसत नसलेल्या त्या उकळण्याकडे पाहत उभे राहिलो. पाऊण तासाने पंप बंद केला आणि खरी परीक्षा सुरू झाली: काटा हलता कामा नये. बाबांनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. वीस मिनिटं. नाही हलला. बाबा आणि चाचा यांनी एकमेकांकडे पाहून नुसती मान डोलावली. बाबा रिटायर झाल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं काही पाहिलं नव्हतं.

गॅस चाचांनी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून भरला, किराणावाला डाळ मोजतो तसा. बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर लिहिलेले 400 ग्रॅम, पाईप मुठीत धरून नव्हे.

पुढच्या रविवारी खाली गेले तर कूलंटच्या टाकीवर काळ्या मार्करने एक रेघ आणि तारीख. त्याच्या पुढच्या रविवारी त्याच रेघेशेजारी दुसरी तारीख. आता आठ झाल्या आहेत, अक्षर बारीक करावं लागलंय. मी माझ्याकडून सर्व्हिसच्या वहीत एसीचं बिल चिकटवलं आणि वही दिवाणखान्यात, त्यांना दिसेल अशी ठेवली.

जुलैत बाबांचे डोळे तपासायला दादरला गेलो होतो. परतताना पावसाने गाठलं. गांधी मार्केटपाशी पाणी साचायला लागलं होतं, पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडले तर काही दिसेना. दोन भिजलेली माणसं, एक भिजलेली छत्री, काच आतून धुरकट. एसी लावला. काच खालून वर निवळत आली, पण बाबांच्या डोळ्यांत औषध, अंगात ओला सदरा. त्यांनी हातरुमाल गुडघ्यांवर पसरला. बंद करू का विचारलं. “बंद केलास तर काच जाईल,” म्हणाले. आणि हात पुढे करून बटण निळ्याकडून लालकडे फिरवलं. एसी चालू ठेवूनच.

आत कुठेतरी झडप सरकल्याचा बारीक आवाज आला. कूलिंग कॉइलवर ओल टाकून आलेला कोरडा वारा हीटरमधून ऊन होऊन यायला लागला. या दोन्ही कॉइल्स मागेपुढे का बसवतात, हे मला तेव्हा कळलं. दोन मिनिटांत काच कडेपर्यंत स्वच्छ. रुमाल वाळला. सायनपर्यंत आम्ही जुलैत, मुंबईत, हीटर लावून आलो.

सायनच्या सिग्नलला बाबांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

“उकडतंय गं,” म्हणाले, आणि काच दोन बोटं खाली घेतली.